काचगाडी नंबर सतरा

त्याची-माझी पहिली भेट झाली तेव्हा मी भर रस्त्यात, एका खड्ड्यात पाय बुडवून उभी होते. एका हातात मोजायची टेप, दुसऱ्या हातात साहेबांची उसनी छत्री, आणि चेहऱ्यावर – हे त्यानेच मला पुढे सांगितलं – "कुणाचा तरी जीव घ्यायला निघाल्यासारखा" भाव.

पाऊस पडत होता म्हणावं तर नाही, थांबला म्हणावं तर तेही नाही. नुसतं भुरभुरत होतं. हॉस्पिटलच्या मागच्या फाटकापाशी रस्ता वळतो, तिथे हा खड्डा होता. चांगला वीतभर खोल. मी वाकून त्याची रुंदी मोजत होते, तेवढ्यात माझ्या मागे एक गाडी येऊन थांबली. हॉर्न नाही, ब्रेकची किंचाळी नाही. ती थांबली हे मला कळलंसुद्धा नाही.

"बाई... काही पडलंय का तुमचं?"

मी दचकून वळले. छोटा टेम्पो होता. मागे लाकडी चौकटीला दोरांनी आवळून बांधलेल्या मोठमोठ्या काचा उभ्या होत्या, आणि त्या काचांवरून पावसाचे बारीक थेंब घरंगळत होते. खिडकीतून एक शांत चेहरा माझ्याकडे बघत होता.

"नाही. मोजतेय."

"खड्डा?"

"नाही, पावसाचे थेंब." राग माझ्या नाकावर असतोच. त्या दिवशी तर तो सकाळी उठल्यापासून तिथे मुक्कामाला होता.

तो हसला नाही. अगदी गंभीरपणे म्हणाला, "मग छत्रीच्या बाहेर मोजा. आत कमी येतील."

मी काहीतरी झणझणीत बोलणार होते, पण... हसूच आलं. ते लपवायला मी म्हणाले, "हे बघा, हा खड्डा मुळात अस्तित्वातच नाही. आमच्या यादीत नाहीये तो."

त्याने खाली पाहिलं. माझा बूट घोट्यापर्यंत गढूळ पाण्यात होता.

"बरं," तो म्हणाला. "तरी पाय काढा. नसलेल्या खड्ड्यात पाय भिजला तरी सर्दी खरीच होते."

माझं काम काय, ते सांगितल्याशिवाय हा खड्डा 'नसलेला' कसा हे कळायचं नाही, म्हणून थोडक्यात सांगते. आमच्या ऑफिसने शहरातल्या चाळीस गाड्यांमध्ये एकेक डबी बसवली होती. बस, रुग्णवाहिका, टपालाच्या गाड्या, सामानाचे टेम्पो... सगळ्यांत. गाडीला दणका बसला की डबी ओळखते, इथे खड्डा आहे. मग ती बिनतारी संदेशाने आजूबाजूच्या गाड्यांमधल्या डब्यांना ते कळवते, त्या पुढच्यांना कळवतात, आणि दोन मिनिटांत बातमी गावभर होते. कुणाचं लग्न ठरल्याची बातमी पसरते ना, तशीच. फक्त हिच्यात कुणी पदरचं घालत नाही. मागून येणाऱ्या चालकाला डबी आधीच सांगते, 'पुढे खड्डा', आणि तो गाडी हळू करतो. माझ्या पडद्यावर त्या जागी लाल ठिपका उमटतो.

आता खड्डे कधी कधी बुजवलेही जातात. (माझा माणुसकीवर विश्वास आहे.) म्हणून मी एक नियम केला होता – एखाद्या खड्ड्यावरून तीन वेळा गाडी दणका न बसता गेली, की तो बुजवला असं समजायचं आणि ठिपका पुसायचा. नियम माझा, आणि मला त्याचा भारी अभिमान होता.

पण हा हॉस्पिटलचा खड्डा रोज सकाळी उमटायचा आणि दहाच्या आत पुसला जायचा. शेवटी आदल्या दिवशी रुग्णवाहिकेचे मामा आमच्या ऑफिसचे तीन जिने चढून आले. सगळे चालक त्यांना मामाच म्हणतात. दम खात म्हणाले, "पाय मोडलेल्या एका आजींना घेऊन चाललो होतो. तुझी डबी म्हणाली, रस्ता ठीक. मी आपला निर्धास्त. असा दणका बसला, पोरी... त्यांचं ओरडणं अजून कानात आहे माझ्या." ते माझ्यावर चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं.

शिवाय महिनाअखेरीला आमच्या कामाची तपासणी होती. साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं: तपासणीत पास झालो, तर मोठ्या शहरात दोन हजार गाड्यांना डब्या बसवायचं काम आपल्याला मिळणार, दोन वर्षांचं, आणि त्या कामाची प्रमुख म्हणून तू जाणार. तीन वर्षं मी ह्याच एका वाक्याची वाट बघत होते. एका खड्ड्यापायी ते हातचं जाणार असेल, तर चेहऱ्यावर तसा भाव येणारच की नाही?

तर, मी पाय बाहेर काढला. त्याने मान हलवून निरोप घेतला आणि गाडी पुढे काढली. मी बघतच राहिले. त्याने डावं चाक कडेच्या दगडी पट्टीवर बोटभर चढवलं, उजवं चाक खड्ड्याच्या अगदी काठावरून नेलं आणि मांजर भिंतीवरून चालतं तशी ती गाडी पलीकडे गेली. एक काच वाजली नाही.

आणि माझ्या खिशातला फोन वाजला. 'हॉस्पिटल, मागचं फाटक: रस्ता ठीक. खड्डा पुसला.'

मी मान वर केली. वळणावर दिसेनाशा होणाऱ्या टेम्पोच्या पाठीवर आमचाच स्टिकर होता. नंबर सतरा.

साहेबांनी दोन शब्दांत निकाल लावला. "सतरा काढ."

मी पाना-स्क्रू ड्रायव्हर घेऊन काचेच्या दुकानात गेले. गल्ल्यापाशी एक बाई हिशोबाऐवजी शब्दकोडं सोडवत बसल्या होत्या. मला पाहताच त्यांनी आत हाक मारली, "भाऊजी! तुमच्या त्या थेंब मोजणाऱ्या बाई आल्यात!"

म्हणजे घरी माझी चर्चा झाली होती. मी उगाचच केस सारखे केले.

तो आतून आला. डाव्या अंगठ्याला भलंमोठं बँडेज होतं.

"काय झालं हाताला?" मी विचारलं.

"काही नाही."

"चार टाके पडलेत," त्याच्या वहिनी शब्दकोड्यातून मान वर न करता म्हणाल्या. "पण ह्यांना विचारलंत तर काही नाहीच. ताप आला, काही नाही. दाढ दुखली, काही नाही. उद्या छप्पर अंगावर पडलं तरी खालून आवाज येईल, काही नाही, जरा आडवा झालोय."

तो नुसता हसला. मी डबी काढायला आलेय म्हटल्यावर म्हणाला, "काढा की. काही हरकत नाही." स्वतः जाऊन टेम्पोचं दार उघडून दिलं. मला का कोण जाणे, रागच आला. माणसाने थोडं तरी भांडावं!

"का काढतेय, ते विचारणार नाही?"

"का काढताय?"

"तुमच्या गाडीला दणके बसत नाहीत म्हणून. तुम्ही जिथून जाता तिथे आमच्या डबीला वाटतं, रस्ता झकास आहे. मग बाकीचे बेसावध राहतात आणि आपटतात."

हे ऐकून मात्र त्याचा चेहरा बदलला. मग हळूच म्हणाला, "एक सांगू? ज्या गाडीला दणका बसतो, तिला खड्डा कळतो तो आपटल्यावर. मला आधी कळतो. कळतो म्हणून तर चुकवतो ना... पण तुमची डबी मला विचारतच नाही."

मी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

"चला," मी म्हणाले. "मला दाखवा."

त्या दिवशी मी त्याच्या शेजारी बसून चार फेऱ्या केल्या. गाडीत ओल्या गोणपाटाचा आणि काच पक्की करायच्या पुट्टीचा वास होता. तो चालवताना रेडिओ लावत नाही. "मागचं ऐकावं लागतं," म्हणाला. "काच फुटायच्या आधी कुरकुरते. तेव्हाच समजून घ्यायचं." शहरातला प्रत्येक खड्डा त्याला तोंडपाठ होता, आणि प्रत्येकाला त्याने नाव ठेवलं होतं.

"हा पाहुणा. दरवर्षी येतो, चार महिने राहतो, जाताना शेजारी अजून एकाला ठेवून जातो. आता ही मोठी जाऊबाई... दिसायला गरीब, पण सावध राहायचं. हे हेडमास्तर – इथे सगळे आपोआप हळू होतात."

"आणि हॉस्पिटलचा?"

त्याने मान दुसरीकडे फिरवली. कान मात्र लाल झाले. "त्याला परवापासून... छत्री म्हणतो."

मी खिडकीबाहेर पाहू लागले. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं.

हॉस्पिटलच्या नव्या इमारतीच्या खिडक्यांचं काम त्याच्याकडे होतं. त्यासाठी त्याच्या दिवसाला नऊ फेऱ्या व्हायच्या. हे ऐकलं आणि मी कपाळावर हात मारून घेतला. तीन वेळा, असं मी ठरवलं होतं. तीन गाड्या, असं नव्हे! एकच सज्जन माणूस तीनदा 'ठीक आहे' म्हणाला, आणि मी त्याला तीन साक्षीदार धरलं. चूक त्याच्या गाडीची नव्हती, माझ्या लाडक्या नियमाची होती.

दोन दिवसांत मी नियम बदलला. वेगवेगळ्या तीन गाड्या गेल्या तरच ठिपका पुसायचा. आणि सतरा नंबरच्या गाडीत, स्टिअरिंगच्या बाजूला, एक लाल बटण बसवलं. गाडीला दणका बसला नाही, पण खड्डा आहे, असं असेल तर ते दाबायचं.

पहिल्याच दिवशी त्याने ते एकसष्ट वेळा दाबलं. माझ्या पडद्याला जणू गोवर आला! साहेब घाबरून उठून उभे राहिले. पण एकूण एक ठिपका खरा निघाला. मामांनी फोन करून सांगितलं, "आज पेशंट गाडीत झोपला, पोरी. झोपला!" आणि माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

त्यानंतर एक नवीनच खोड लागली. मी कामाच्या नावाखाली सतराचे ठिपके बघत बसायचे. आत्ता पाहुण्यापाशी... आता जाऊबाई ओलांडली... आता साडेनऊ, म्हणजे आमच्या ऑफिसखालून जाईल. मी खिडकीशी जायचे. अर्थात हवेसाठी.

एके दिवशी ऑफिसच्या बरोबर खालीच लाल ठिपका उमटला. मी लगेच फोन लावला.

"गाडी बाजूला घेतलीय ना?"

"घेतलीय. तुमच्याशी बोलायचं तर गाडी बाजूला घ्यावीच लागते."

"आमच्या दारात कुठे खड्डा आहे?"

"आहे."

"मी रोज त्याच रस्त्याने येते!"

"तुम्हाला नाही जाणवायचा. इथे आलं की गाडी आपोआप हळू होते... आणि मान वर जाते."

मी फोन धरून तशीच उभी. ह्या माणसाने माझी बोलती बंद केली, हे माझ्या आईला कळलं असतं तर तिने पेढे... जाऊ दे, तिने शहरभर साखर वाटली असती.

आणि तेवढ्यात खाली भोंगा ऐकू आला. मामांची रुग्णवाहिका त्या नसलेल्या खड्ड्यापाशी येऊन हळू झाली होती. मागची बस तिच्यामागे, तिच्यामागे अजून चार गाड्या. मामा खिडकीतून डोकं काढून रस्त्यावर खड्डा शोधत होते. अर्धं मिनिट गेलं असेल. पण आत पेशंट होता.

माझं डोकं फिरलं. लाज वाटली, तीच रागाच्या वाटेने बाहेर पडली. "हे खेळणं नाहीये! तुमच्या गमतीपायी कुणाचा जीव गेला असता तर? पुन्हा असं केलंत तर डबी काढून नेईन!"

मग त्याचा तो सपाट, नीट घडी घातलेला आवाज. "चुकलं. पुन्हा नाही होणार."

आणि खरंच पुन्हा झालं नाही. ठिपके येत राहिले, खरेखुरे, वेळच्या वेळी. साडेनऊला गाडी ऑफिसखालून जायची, पण आता सरळ. मान वर न करता. माझं बोलणं बरोबर होतं, हो. पण बरोबर बोलणं इतकं मोठ्याने बोलायला हवं होतं का? चार दिवस मला जेवण गोड लागलं नाही.

पाचव्या दिवशी, शनिवारी, मी दुकानात गेले. आरसा हवाय म्हटलं. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि "मला आठवलं, मला बँकेत जायचंय," म्हणून उठल्या. शनिवारी दुपारी कुठली बँक उघडी असते, हे मी विचारलं नाही.

"त्या दिवशी मी जास्त बोलले," मी म्हणाले.

"नाही, तुमचं बरोबर होतं."

"बरोबर होतंच. पण तुम्हाला लागलं असेल."

"काही नाही हो, त्यात काय."

झालं! आला पुन्हा तो काही नाही. मी स्टुलावर बसून राहिले, जागची हलले नाही. शेवटी त्याने आरशाची काच टेबलावर घेतली, पट्टी ठेवली आणि कापायचं हत्यार माझ्या हातात दिलं. "ओढा रेघ. एकदाच ओढायची. दुसऱ्यांदा गिरवली की काच बिथरते."

मी पट्टीला हत्यार टेकवलं. त्याने त्याचा हात वरून अलगद ठेवला... बँडेजवाला अंगठा माझ्या मनगटाला लागला. कर्र असा बारीक, लांब आवाज झाला. मग त्याने काचेला खालून हलकी टिचकी मारली आणि ती सरळ रेषेत दुभंगली. आम्ही दोघं आरशात दिसत होतो, तो एका तुकड्यात आणि मी दुसऱ्यात. हात बाजूला घ्यायचं दोघांच्याही लक्षात राहिलं नाही.

मग रोजच काही ना काही निघू लागलं. आरशाला चौकट हवी. चौकटीला खिळा हवा. मी इतकी खरेदी आयुष्यात केली नव्हती. संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर बसून आम्ही चहा प्यायचो, आणि मी त्याला सगळ्या जगाच्या तक्रारी सांगायचे. तो ऐकायचा. मागचं ऐकतो तसा, अगदी लक्ष देऊन. स्वतःचं मात्र काही सांगायचा नाही. मला तो आवडत होता. हे मी आता मोकळेपणाने लिहितेय. तेव्हा स्वतःशीही कबूल करत नव्हते.

महिनाअखेरीला तपासणी झाली. आम्ही पास झालो. नुसते पास नाही, तपासायला आलेल्यांनी सतरा नंबरच्या बटणाचं खास कौतुक केलं. साहेबांनी माझ्या हातात पत्र ठेवलं. मोठं शहर, दोन वर्षं, प्रमुख म्हणून माझं नाव. इथून बसने सात तास. "शुक्रवारपर्यंत सही करून दे," म्हणाले.

मी पत्र घेऊन थेट दुकानाच्या पायरीवर. त्याने ते सावकाश वाचलं. दोनदा वाचलं. घडी घालून परत दिलं.

"छान," तो म्हणाला. "जायलाच हवं."

"एवढंच?"

"एवढंच म्हणजे... अभिनंदन."

"आणखी काही?"

तो विचार करू लागला. मी श्वास रोखून बसले. मग तो म्हणाला, "काचेची भांडी असतील तर सांगा. मी नीट बांधून देतो. एकही फुटणार नाही."

मी उठले आणि चालू लागले. मला ती सगळी भांडी त्याच्या समोर एकेक करून फोडावीशी वाटत होती. दोन हजार गाड्यांचं काम मिळालं होतं, माझं स्वप्न माझ्या पिशवीत होतं, आणि मी रस्त्याने नाक ओढत चालले होते.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, मी पत्र समोर ठेवून बसले होते. पेन हातात होतं. सही काही होत नव्हती. दुपारी बाराच्या सुमारास पडद्यावर ठिपका उमटला. हॉस्पिटल, मागचं फाटक. ह्यात नवल नव्हतं. खडी टाकतो टाकतो म्हणत अजून कुणी टाकली नव्हती. मी सवयीने गाडीचा नंबर बघितला. सतरा. बरं, बटण दाबलं असेल.

नाही. बटण नव्हतं. दणका होता.

मी खुर्चीतून उठले. सतरा नंबरच्या गाडीची नोंद मी पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत उघडली. आजपर्यंत एकही दणका नव्हता. आणि आज बसला तो चाळीस गाड्यांत त्या महिन्यातला सगळ्यात मोठा. ज्या खड्ड्यावरून तो दिवसातून नऊ वेळा अलगद जायचा, त्याच खड्ड्यात तो सरळ गेला होता. जणू समोर रस्ता नव्हताच.

मी फोन केला. "काय झालं?"

"काही नाही."

"गाडी?"

"ठीक आहे."

"तुम्ही?"

"मी... ठीक आहे की."

मी पत्र पिशवीत कोंबलं आणि पळत सुटले.

तो हॉस्पिटलच्या नव्या इमारतीच्या आवारात उभा होता. टेम्पोच्या चाकापाशी एका मोठ्या काचेचा चुरा झाडून ठेवला होता. शेजारी दुसरी काच, माणसाहून उंच, चौकटीला टेकून उभी होती. "ही वर न्यायचीय," तो म्हणाला. माझ्याकडे त्याने नीट पाहिलंही नाही. "जोडीदार जेवायला गेलाय. येईल अर्ध्या तासाने."

"मी धरते."

"नको, जड आहे."

"मी धरते म्हटलं ना!"

त्याने आपले जाड हातमोजे काढून मला दिले आणि स्वतःच्या हातांना गोणपाटाचे तुकडे गुंडाळले. एक टोक त्याने उचललं, दुसरं मी. आणि आवाराच्या मधोमध आल्यावर मी थांबले.

"काय झालं?" तो म्हणाला.

"बोलायचंय."

"आधी काच ठेवू."

"नाही. ठेवली की तुम्ही काहीतरी कामाला लागाल. आता तुम्हाला कुठे जाता येणार नाही, मलाही नाही. आज पहिल्यांदा तुमच्या गाडीला दणका बसला. का?"

"लक्ष नव्हतं."

"का नव्हतं?"

काचेत ढग दिसत होते. माझे हात भरून आले होते.

"माझी चाळीस गाड्यांची चूक एका गोष्टीने झाली होती," मी म्हणाले, "तुम्ही ठीक म्हटलंत की मी ठीक समजत होते. आता नाही समजणार. विचारतेय ते खरं खरं सांगा. मी गेले तर तुम्हाला काय होईल?"

जिन्यावरून दोन नर्स उतरल्या आणि आमच्याकडे वळून वळून बघत गेल्या. मग तो बोलला. खाली बघत, अडखळत, आधी न वापरलेले शब्द शोधत बोलावं तसा.

"त्रास होईल," तो म्हणाला. "साडेनऊला तुमच्या ऑफिसखालून जाईन... मान वर जाईल, खिडकीत तुम्ही नसाल. त्याचा होईल. संध्याकाळी पायरीवर बसवणार नाही. वहिनी चहा आणून देईल, तो गिळवणार नाही. कालपासूनच होतोय. रात्री डोळा लागला नाही. सकाळपासून गाडी कुठून चालवली, मला आठवत नाही." तो थांबला. "मी थांबा म्हणणार नाही. तीन वर्षं वाट बघितलीत, तुम्ही गेलंच पाहिजे. पण मला... फार वाईट वाटतंय. मी प्रेम करतो तुमच्यावर. त्या छत्रीपासून."

माझे डोळे गळायला लागले, आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

"आधी का नाही सांगितलंत?"

"मला वाटलं, सांगितलं की तुमचं जाणं अवघड होईल."

"होऊ दे ना अवघड!" मी रडत रडत ओरडले. "मला सोपं जायचंच नाहीये. मीही करते प्रेम. आरसा, चौकट, खिळे... कशाला लागतात हो एका माणसाला चौदा खिळे?"

तो हसला. डोळे भरलेले होते तरी हसला. "चौदा नाही. सोळा."

"काच," मी म्हणाले. "आता खरंच पडेल."

आम्ही ती वर नेली, खिडकीत बसवली. हात मोकळे झाल्यावर त्याने गोणपाट सोडलं, माझे हातमोजे एकेक बोट करत काढले, आणि माझे तळवे आपल्या हातांत घेतले. "दुखतायत?" त्याने विचारलं. "हो," मी म्हणाले. "तुझे?" तू कधी म्हणाले, मला कळलं नाही. "माझेही," तो म्हणाला.

शुक्रवारी मी सही केली.

त्याने माझी भांडी बांधून दिली. एकही फुटलं नाही. बस सुटताना तो नेहमीसारखा शांत उभा होता, आणि मी मनात म्हटलं, सवय आहे जुनी, एका दुपारीत थोडीच जाणार. नव्या शहरात माझं ऑफिस अकराव्या मजल्यावर होतं. पडदा भिंतीएवढा. पहिल्या काही गाड्यांचे ठिपके येऊ लागले होते, आणि त्यांतला एकही माझ्या ओळखीचा नाही.

तिसऱ्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, त्याचा फोन आला.

"गाडी बाजूला घेतलीय ना?" मी विचारलं.

"घेतलीय."

"कसा आहेस?"

मी डोळे मिटून घेतले. ते दोन शब्द आता येतील, म्हणून मन घट्ट केलं.

"वाईट आहे," तो म्हणाला. "आज अजिबात बरं वाटत नाहीये. तुझी फार आठवण येतेय. आज सकाळी तर मी भर रस्त्यात गाडी लावून रडलो."

माझ्या शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी दचकून वर पाहिलं. ह्या नव्या प्रमुख बाई फोन कानाला लावून, ओंजळीत तोंड लपवून, आनंदाने हसत का सुटल्या आहेत, हे त्यांना बिचाऱ्यांना कळेना.

"सांग," मी त्याला म्हणाले, "सगळं सांग. अर्धा तास आहे माझ्याकडे."